ढाली मोजून मंडळाचा इतिहास होत नाही

आमच्या कबड्डी मंडळाची स्मरणिका निघतेय. सांगलीतलं नदीकाठचं जुनं मंडळ, त्यामुळे सगळ्यांचा उत्साह दांडगा. पण आत्तापर्यंत ठरलेला मजकूर काय, तर पुढाऱ्यांचे शुभसंदेश, जाहिराती आणि जिंकलेल्या ढालींची यादी. याला इतिहास म्हणायला मी तयार नाही. बैठकीत बोललो, तेच इथं सविस्तर लिहितो.

हौशी खेळाचा खरा इतिहास जमाखर्चात असतो. खेळणारा फुकट खेळतो, पण त्याचा खर्च कुणीतरी सोसलेला असतो. तो कुणी सोसला, हे लिहा.

रग्बीचं बघा. १८७२ च्या नाताळात कलकत्त्यातल्या इंग्रजांनी सामना खेळला आणि जानेवारी १८७३ मध्ये क्लब काढला. चार-पाच वर्षांत पोलो आणि टेनिसकडं माणसं वळली, सभासद आटले. क्लब बंद करताना त्यांनी बँकेतली शिल्लक चांदीच्या रुपयांत काढली, २७० रुपये, आणि ते वितळवून करंडक घडवला. नागाच्या तीन मुठी, झाकणावर हत्ती. १८७८ मध्ये तो इंग्लंडच्या रग्बी युनियनला, म्हणजे तिथल्या रग्बीच्या संघटनेला दिला. १८७९ पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड त्या करंडकासाठी खेळतात, आजही. त्या क्लबनं किती सामने मारले हे कुणी विचारत नाही, शिल्लक कुठं गेली ते मात्र रग्बीवाल्यांना पाठ आहे.

दुसरी गोष्ट मला जास्त जवळची वाटते. उत्तर इंग्लंडात गिरण्या-खाणींतले कामगार रग्बी खेळायचे. शनिवारी सामन्याला गेलं की मजुरी बुडायची. खाड्याचे पैसे क्लबनं द्यावेत, एवढीच मागणी होती. हौशी खेळात पैसा नको म्हणून युनियनमधल्या वरच्यांनी ती फेटाळली. २९ ऑगस्ट १८९५ ला हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडच्या क्लबांनी वेगळी चूल मांडली आणि त्यातूनच पुढं रग्बी लीग हा तेरा खेळाडूंचा वेगळा खेळ उभा राहिला. मूळच्या खेळात, म्हणजे रग्बी युनियनमध्ये, खेळाडूंना उघडपणे पैसे घ्यायची मुभा मिळाली ती १९९५ मध्ये. शंभर वर्षं!

आपल्याकडं काय वेगळं होतं? मार्केट यार्डात हळदीची पोती उचलणारी पोरं इस्लामपूर, कराडला खेळायला जायची. फायनल रात्री उशिरा संपली की सोमवारचा खाडा ठरलेला. आमच्या उत्तम पकडी करणाऱ्या एका खेळाडूनं लग्नानंतर खेळ सोडला तो याच कारणानं. त्याचं नाव ढालींच्या यादीत कुठंच येणार नाही. काहींचा खाडा गल्लीतला किराणावाला गुपचूप भरून द्यायचा, आणि त्याचंही नाव येणार नाही. मैदानावर पाणी मारणारे, फक्कीनं रेघा आखणारे, पोरं परत येईपर्यंत चुलीवर भाकरी ठेवणाऱ्या आया, या कुणाचाच शुभसंदेश येत नसतो.

आणि आता वेळ नाही. २००५ ला पाणी आलं, २०१९ ला आलं, २०२१ ला परत आलं. दरवेळी कपाटातल्या वह्यांचा लगदा झाला. जी माणसं तोंडी सांगू शकतात ती आता सत्तरीपुढं आहेत.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच, स्मरणिकेची निम्मी पानं या माणसांना द्या. ज्यांच्या माळ्यावर जुनी पावती पुस्तकं, वर्गणीच्या वह्या, एसटीची तिकिटं, फोटो असतील त्यांनी रविवारी सकाळी मंडळात घेऊन यावं. तिथंच फोटो काढून लगेच परत देऊ. म्हाताऱ्या खेळाडूंच्या घरी जाऊन त्यांचं बोलणं रेकॉर्ड करायला मी आहेच, अजून दोघं-तिघं हवेत. आणि शुभसंदेश दोन पानांत बसवायचा ठराव मी पुढच्या बैठकीत मांडणार आहे, ज्यांना पटतंय त्यांनी हजर राहा.