खोदत नाहीत, मुरवतात

‘लाल मातीतून दुर्मिळ मृदा धातू काढायला डोंगर खोदावा लागत नाही, त्यामुळे पर्यावरणाला धोका नाही’ हे लेखातलं वाक्य पटलं नाही. (दुर्मिळ मृदा धातू म्हणजे चुंबक, मोबाइल यांत लागणारे निओडिमियमसारखे धातू.) खोदत नसतील, पण डोंगरात भोकं पाडून अमोनियम सल्फेटचं पाणी सोडतात. हे धातू चिकणमातीच्या कणांना नुसते चिकटलेले असतात, अमोनियम त्यांना सोडवून घेतं. उसाला घालतो तेच हे खत, पण इथे अख्ख्या डोंगरात मुरवायचं! चीनच्या जिआंगशी प्रांतात याच पद्धतीने भूजल नासलं, दरडीही कोसळल्या. आमचं गाव पाटण तालुक्यात, जांभ्याच्या सड्याखाली, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या खडकाळ पठाराखाली. सड्यावरचा पाऊस जांभ्यातून झिरपत खालच्या झऱ्याला येतो. मे महिन्यात बायका तिथेच वाटीवाटीने हंडा भरतात. वर सोडलेलं रसायन दुसरीकडे कुठे जाणार?

आणि ‘महाबळेश्वर-कासच्या मातीतही हाच खजिना’ हे तर फारच घाईचं. लाल रंग लोखंडाचा, त्याचा या धातूंशी संबंध नाही. चीनमधली ती माती मुख्यतः ग्रॅनाइट कुजून झालेली, आपला जांभा बेसॉल्टचा, आणि बेसॉल्टमध्ये हे धातू मुळातच कमी.