‘डी ड्राइव्ह राहतो’ म्हणे!

‘विंडोज 10 बंद! कॉम्प्युटर भंगारात देऊ नका, लिनक्स मिंट टाका’ हा सहा मुद्द्यांचा मेसेज सोसायटीच्या, भिशीच्या, शाळासोबत्यांच्या ग्रुपवर फिरतोय. लिनक्स मिंट म्हणजे विंडोजऐवजी टाकता येणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम. माझ्या आत्याने तो मला पाठवला आणि खाली विचारलं, ‘पेन ड्राइव्ह तयार झालाय, रविवारी टाकू का रे?’ म्हणून हे लिहायला बसलो. मी स्वतः घरी मिंटच वापरतो, तेव्हा ‘तुम्हाला लिनक्सचं वावडं आहे’ हे ऐकवू नका.

‘14 ऑक्टोबर 2025 नंतर विंडोज 10 सुरूच होणार नाही.’ होतं. त्या तारखेला नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट संपले, कॉम्प्युटर नाही. घरगुती ग्राहकांसाठी मायक्रोसॉफ्टने 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत वाढीव अपडेटची सोयही जाहीर केली. त्यासाठी नोंदणी करावी लागते, एवढंच.

दुसऱ्या मुद्द्याने मात्र डोकं फिरलं. ‘इन्स्टॉल करताना इरेज डिस्क निवडा. सी ड्राइव्ह पुसला जाईल, डी ड्राइव्हमधले फोटो जसेच्या तसे राहतात.’

अहो, नाही राहत! आपल्याकडे कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्यांनी वर्षानुवर्षं सी फॉरमॅट करून विंडोज टाकून दिलं आणि ‘डीमध्ये ठेवलंय ना, मग काळजी नाही’ ही सवय घराघरात लावली. पण बहुतेक घरांत सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात. एका घरातल्या दोन खोल्या म्हणा. हा पर्याय खोली रिकामी करत नाही, घरच पाडतो. माझ्यावर विश्वास ठेवू नका, इन्स्टॉलरवर ठेवा. उबुंटू या दुसऱ्या लिनक्सचा जो इन्स्टॉलर मिंटने घेतला, त्यात या पर्यायाखालीच इशारा असतो: सर्व ऑपरेटिंग सिस्टिममधले तुमचे प्रोग्रॅम, कागदपत्रं, फोटो, संगीत आणि इतर सगळ्या फाइल पुसल्या जातील. इतकं स्वच्छ लिहिलेलं असताना मेसेजवाल्याने उलटं कुठून आणलं?

आणि ‘रिकव्हरीवाला काढून देईल’ या भरवशावरही राहू नका. एसएसडी (चिपवर माहिती साठवणारी नवी, वेगवान डिस्क) असेल तर लिनक्स नवीन फाइल सिस्टिम बनवतानाच सहसा डिस्कला कळवतं की जुने ब्लॉक आता रिकामे समज. त्यानंतर तिथून लग्नाचा अल्बम परत मिळण्याची आशा जवळजवळ नसते. आधी सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या, त्यातले दोनचार फोटो दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा, मग बोला.

‘व्हायरस येतच नाही.’ कमी येतात, हे मान्य. पण 20 फेब्रुवारी 2016 रोजी खुद्द मिंटच्या संकेतस्थळात घुसून कुणीतरी 17.3 सिनॅमन आवृत्तीच्या डाउनलोडची लिंक बदलली आणि चोरदरवाजा असलेली प्रत लोकांच्या हाती दिली. हे मिंटच्याच प्रमुखाने जाहीर केलं होतं. म्हणून डाउनलोड केलेल्या फाइलचा चेकसम, म्हणजे फाइल मूळचीच आहे का हे ओळखायचा आकडा, तपासायचा असतो. मेसेजमध्ये त्याचा उल्लेखही नाही. उलट शेवटी कुणाच्यातरी ऑनलाइन ड्राइव्हवरची लिंक चिकटवलीय! शिवाय केवायसीच्या खोट्या पानावर ओटीपी टाकलात तर कुठलीच ऑपरेटिंग सिस्टिम वाचवणार नाही.

‘वाइन टाकलं की टॅलीसकट सगळं चालतं.’ वाइन म्हणजे विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवू बघणारं सॉफ्टवेअर. पण टॅलीची लिनक्स आवृत्ती नाही, आणि कुठला प्रोग्रॅम किती नीट चालतो याच्या वाइनवाल्यांच्या स्वतःच्या यादीत प्लॅटिनमपासून ‘गार्बेज’पर्यंत श्रेणी आहेत, त्या उगाच नाहीत. ज्यावर कुणाचे हिशेब चालतात त्या कॉम्प्युटरवर हा प्रयोग करू नये.

‘प्रिंटर लावला की चालतो.’ नेटवर्कवरचे नवे प्रिंटर बरेचदा चालतात, हे खरं. पण आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानापासून सीएच्या टेबलापर्यंत दिसणारा कॅननचा एलबीपी 2900 त्या कंपनीच्या खास ड्रायव्हरवर चालतो आणि लिनक्सवर तो बसवताना रविवार जातो. पेन ड्राइव्हवरूनच मिंट सुरू करून, काहीही इन्स्टॉल न करता, वायफाय, आवाज आणि प्रिंटर तपासता येतात. ही सगळ्यात कामाची गोष्ट मेसेजात नाही.

राहिला ‘मराठी टायपिंग उत्तम’ हा मुद्दा. नाइलाजाने म्हणतो, बरोबर आहे. इनस्क्रिप्ट कीबोर्ड तिथे आयता मिळतो, युनिकोड (कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येणारं) मराठी नीट दिसतं. फक्त श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत टाइप केलेल्या फाइल तिथे उघडल्या की अगम्य अक्षरं दिसतात. संस्थेचे अहवाल, घरातल्या कुणाच्या कविता तशा पडून असतील, तर त्या विंडोज शाबूत असतानाच युनिकोडमध्ये बदलून घ्या.