‘बाहेरच्या राज्यात ॲडमिशनचे सहा रामबाण उपाय’ वाल्या मेसेजबद्दल

बोर्डाचा निकाल जवळ आला की पुण्यातल्या सोसायट्यांच्या आणि क्लासच्या पालक ग्रुपांवर हा मेसेज फिरायला लागतो, महाराष्ट्राबाहेरच्या युनिव्हर्सिटीत हमखास ॲडमिशनचे सहा उपाय. थोडक्यात तो असा: स्टेट बोर्डात ९५ टक्क्यांच्या खाली असाल तर दिल्ली विसरा, अकरावी-बारावी राजस्थानात नाहीतर हैदराबादला करा, तिथला कोटा मिळतो आणि इथला जात नाही, सर्टिफिकेटांची फाइल जाड करा, जातीचा दाखला एकच, सगळीकडे चालतो, प्रेफरन्स टॉपची पाचच भरा, आणि सगळ्यात शेवटी एका ‘काउन्सेलर’चा नंबर. खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकू, कारण यातला एक उपाय पोरांची इथली हक्काची सीट घालवणारा आहे.

आधी ते ९५ टक्के. हे २०२१ पर्यंत खरं होतं, तेव्हा दिल्ली युनिव्हर्सिटीचे कटऑफ बारावीच्या मार्कांवर लागायचे आणि काही कॉलेजांत ते चक्क १०० टक्के होते. २०२२ पासून सीयूईटी ही केंद्रीय विद्यापीठांची सामायिक प्रवेश परीक्षा आली आणि डीयूमध्ये सीट सीयूईटीच्या स्कोअरवर मिळते, बारावीचे मार्क पास होण्यापुरते आणि दोघांचा स्कोअर सारखा आला तर टाय तोडायला. म्हणजे आपल्या बोर्डाचा ८२ टक्केवाला आणि तिकडचा ९८ वाला एकाच रांगेत उभे असतात. बीएचयू, जेएनयूच्या पदवीलाही सीयूईटीच लागते. आयआयटी-एनआयटीला मात्र बारावीला ७५ टक्के किंवा बोर्डाच्या टॉप २० पर्सेंटाइलची अट आहे, तेवढं सांभाळा.

पण स्टेट बोर्डवाल्यांना खरा फटका कुठे बसतो ते त्या मेसेजमध्ये नाहीच. तो बसतो विषयांत, आणि बसतो अकरावीचा फॉर्म भरतानाच. आमच्या समोरच्या विंगमधल्या काकूंची मुलगी कॉमर्सला, हुशार, डोक्यात इकॉनॉमिक्स ऑनर्स आणि दिल्ली पक्की. पण अकरावीला मैत्रिणींबरोबर गणित सोडून एसपी (सेक्रेटरियल प्रॅक्टिस) घेतलं, भाषेच्या जागी आयटी, कारण मार्क पडतात म्हणे. आता डीयूच्या इको ऑनर्सला सीयूईटीमध्ये गणिताचा पेपर लागतोच, आणि डीयूचा नियम असा की बारावीला जे शिकलात त्याच विषयांचे पेपर द्या. काकू मला विचारत होत्या की क्लास लावला तर होईल का. क्लास कितीही चांगला असला तरी मार्कशीटवर नसलेला विषय कुठून आणणार? बीकॉम ऑनर्सचा रस्ता तिला उघडा आहे, आपलं बीके (बुक-कीपिंग) तिथे अकाउंटन्सी म्हणून धरतात, पण तिला बीकॉम नको होतं.

दुसरं म्हणजे सिलॅबस. सीयूईटी एनसीईआरटीवर, म्हणजे सीबीएसईवाल्यांच्या पुस्तकांवर असते. सायन्सवाल्यांना फार जड जात नाही, आर्ट्सवाल्यांचं काय होतं बघा: आपल्या बारावीच्या इतिहासात युरोपातलं प्रबोधन, वसाहतवाद, शीतयुद्ध, आणि तिकडच्या पेपरात हडप्पा, महाभारतातली नातीगोती, विजयनगर, भक्ती-सूफी. बोर्डात नव्वद काढणारं पोरगं त्या पेपरात कोरं बसतं आणि घरचे म्हणतात स्टेट बोर्डावर अन्याय. अहो, अप्पा बळवंत चौकात एनसीईआरटीची पुस्तकं मिळतात, बारावीच्या सुरुवातीलाच आणा आणि बोर्डाच्या बरोबरीने वाचायला लावा, बोर्ड संपल्यावर उरलेल्या दोन महिन्यांत ते होत नाही. एका पेपरला ६० मिनिटांत ५० प्रश्न, बरोबरला ५, चुकलं की १ वजा, त्यामुळे निबंध लिहायची सवय असलेल्यांना सराव लागतोच.

आता तो धोक्याचा उपाय. राजस्थानात किंवा हैदराबादला डमी ॲडमिशन (कॉलेजात नुसतं नाव) घेऊन बारावी केली की तिथला होम स्टेट कोटा मिळतो, हे अर्धं खरं आहे. एनआयटीत निम्म्या जागा होम स्टेटच्या आणि निम्म्या बाहेरच्यांच्या, आणि होम स्टेट ठरतं ते तुम्ही बारावी कुठून पास झालात त्यावर, आधार कार्डावर किंवा डोमिसाइलवर नाही. म्हणजे पुण्यात वाढलेलं पोर बारावी राजस्थानातून पास झालं तर जयपूरची एमएनआयटी त्याचं होम स्टेट होते, पण त्याच क्षणी नागपूरची व्हीएनआयटी त्याला परराज्य झाली. दोन्हीकडे घरचा जावई होता येत नाही. आयआयटीत तर असा कोटाच नाही, आयसर या केंद्राच्या विज्ञान संस्थांनाही नाही, पाषाणचं आयसर असो की मोहालीचं, पुणेकराला दोन्ही सारखंच. आणि मेडिकलचा विचार असेल तर जास्तच जपून, कारण राज्याच्या ८५ टक्के कोट्याला काही अपवाद सोडले तर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते, डोमिसाइल असून भागत नाही. देशभरच्या सरकारी मेडिकल कॉलेजांतल्या ऑल इंडियाच्या १५ टक्के जागा पुण्यात बारावी करूनही मिळतातच, मग तिकडे जाऊन मिळवलं काय तर इथल्या ८५ टक्क्यांवर पाणी सोडलं. मेसेज लिहिणाऱ्याला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही, डमी कॉलेजवाल्यांना पोरं हवी असतात.

एनआयटीत खरंच चान्स वाढवायचा तर जोसा, म्हणजे आयआयटी-एनआयटीच्या जागा वाटणारी केंद्राची यंत्रणा, तिच्या साइटवर मागच्या वर्षांचे ओपनिंग-क्लोजिंग रँक पडलेले आहेत, त्यात ‘अदर स्टेट’ची ओळ बघा. सुरतकल-त्रिचीचे आकडे बघून हात गळतात, पण सिलचर, आगरतळा, मेघालय इथे तीच ब्रांच बऱ्याच खालच्या रँकला मिळते. मुलगी असेल तर फीमेल-ओन्ली जागांची ओळ वेगळी असते, ती बघितल्याशिवाय यादी करू नका.

सर्टिफिकेटांची फाइल, यावर जास्त काय लिहायचं. ऑलिंपियाडचं पार्टिसिपेशन, एनजीओची ऑनलाइन इंटर्नशिप, सीयूईटी किंवा जोसाच्या सीटला शून्य उपयोग. काही खाजगी युनिव्हर्सिट्या निबंध, इंटरव्ह्यू घेतात तिथे ते बघतात. डीयूमध्ये खेळ आणि ईसीएच्या (कला वगैरे अभ्यासाबाहेरच्या गोष्टींच्या) थोड्या जागा असतात, पण तिथेही सीयूईटी द्यावी लागते आणि नाच-गाणं-नाटकवाल्यांना ट्रायलला उभं राहून करून दाखवावं लागतं.

दाखल्याचं मात्र नीट वाचा, कारण दरवर्षी इथे रडारड होते. केंद्राच्या फॉर्ममध्ये एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग) नावाचा कॉलमच नाही, ते आरक्षण महाराष्ट्रापुरतं. मराठा मुलांनी तिकडे ओपन किंवा बसत असाल तर ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक), आणि ईडब्ल्यूएसला केंद्राच्या नमुन्यात उत्पन्न ८ लाखांच्या आत एवढंच नाही तर घर १,००० चौरस फुटांच्या आतलं, शेती ५ एकरांच्या आत असल्या अटी आहेत, पुण्यातला थ्री बीएचके तिथेच अडकतो. एनटी-सी, एनटी-डी हेही तिकडे नाही, धनगर, वंजारी केंद्राच्या यादीत ओबीसीत येतात, आणि त्यासाठी वेगळा, केंद्राच्या नमुन्यातला नॉन-क्रीमीलेअर दाखला लागतो. सेतूत नुसतं ‘नॉन-क्रीमीलेअर द्या’ म्हटलंत तर राज्याचा हातात पडतो. घेताना वरचा मजकूर वाचा, त्यात गव्हर्नमेंट ऑफ इंडियाच्या संस्थांचा उल्लेख पाहिजे, आणि तारीख त्या वर्षीच्या १ एप्रिलची किंवा नंतरची. एससी-एसटीचा आपला दाखला केंद्राच्या संस्थांत चालतो, पण दुसऱ्या राज्याच्या स्वतःच्या कोट्यात नाही.

पाचच प्रेफरन्स भरा, जास्त भरलीत तर खालचं कॉलेज गळ्यात मारतात, हा समज मला वाटतं आपल्या अकरावीच्या ऑनलाइनमधून आलाय, तिथे पहिल्या पसंतीचं लागलं आणि घेतलं नाही तर पुढच्या फेऱ्यांना मुकावं लागतं, त्यामुळे लोक यादीला घाबरतात. डीयूमध्ये तुमच्या स्कोअरला यादीतलं वरून जे पहिलं बसेल ते मिळतं, खाली शंभर नावं लिहिली म्हणून वरचं जात नाही. पाचच लिहिलीत आणि पाचही हुकली तर पहिल्या फेरीत हात चोळत बसा. आणि सीट लागली की ती मुदतीत ॲक्सेप्ट करा, आवडली नसली तरी, आणि मग अपग्रेड टाका, म्हणजे पुढच्या फेरीत वरचं लागलं तर सरकता येतं. ‘हे नको, पुढच्या फेरीची वाट बघू’ म्हणून सोडून दिलेली पोरं प्रक्रियेतूनच बाहेर जातात.

राहिला तो काउन्सेलर. डीयू, एनआयटी, दोन्हीकडे मॅनेजमेंट कोटा नाही. कर्नाटकातली प्रायव्हेट इंजिनिअरिंग हवी असतील तर कॉमेडके ही तिथली प्रवेश परीक्षा देशभरच्या मुलांना खुली आहे, फॉर्म स्वतः भरता येतो. सीटची फी पोर्टलवर, अलॉटमेंट आल्यावर, स्वतःच्या लॉगिनमधून भरायची. त्याच्या आधी कोणी टोकन मागितलं तर ते कॉलेजकडे जात नाहीये, आणि मला विचाराल तर आधीचे पाच मुद्दे त्या नंबरपर्यंत तुम्हाला आणण्यासाठीच लिहिलेत.