सेटलमेंटची हजेरी आणि विडी कामगाराचं ओळखपत्र

येत्या जनगणनेत जात नोंदवणार असं केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ ला जाहीर केलं. तेव्हापासून आमच्या सोलापुरात दोन सूर ऐकू येतात. एक म्हणतो, जात विचारून पुन्हा भिंती कशाला उभ्या करता, सगळ्यांना भारतीय म्हणून नोंदवा आणि मोकळे व्हा. दुसरा म्हणतो, आमची संख्या किती ते एकदाचं कळू दे. मी समाजशास्त्र शिकवते म्हणून दोन्हीकडचे लोक विचारतात, मॅडम, तुमचं काय मत? मत आहे. पण चहाच्या टपरीवर दोन मिनिटांत सांगण्यासारखं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

हे दोन्ही सूर एक गोष्ट धरून चालतात. ओळख आपल्या आत आधीपासून तयार असते आणि प्रगणक ती फक्त लिहून घेतो, किंवा घेत नाही. मला हेच पटत नाही. लिहिण्याने, विचारण्याने, बघण्याने ओळख घडते. माणूस जन्माला येताना ती पूर्ण घेऊन येत नाही.

चार्ल्स कूली या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९०२ मध्ये हे मांडलं. आपण दुसऱ्याला कसे दिसत असू याची कल्पना करतो, तो आपल्याबद्दल काय मत बनवत असेल याची कल्पना करतो, आणि त्यातून अभिमान तरी वाटतो नाही तर लाज. सोलापूरच्या पूर्व भागात, म्हणजे आमच्या विणकर वस्तीत, वाढलेल्या कुणालाही हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आमच्या गल्लीत सगळ्यांच्या घरी तेलुगू, त्यामुळे मी तेलुगू आहे हे मला ठाऊकच नव्हतं. गावाच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत गेले, बाईंनी हजेरी घेताना आडनावावर थांबून विचारलं, "तुम्ही मूळचे कुठले गं?" घरी येऊन आजीला विचारलं तर ती म्हणाली, सोलापूरचे. निजामाच्या मुलखातून विणकर इथे आले त्याला किती पिढ्या लोटल्या. तरी तो प्रश्न माझ्या वाट्याला यायचा आणि शेजारच्या बाकावरच्या मुलीच्या यायचा नाही. प्रश्न कुणाला विचारला जातो आणि कुणाला नाही, यातच अर्धी ओळख ठरून जाते.

हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञाचा प्रयोग मी दरवर्षी वर्गात सांगते. ब्रिस्टलमधल्या शाळकरी मुलांना चित्रं दाखवली आणि सांगितलं, तुला क्ले हा चित्रकार आवडतो, तुला कांडिन्स्की. प्रत्यक्षात गट नुसते कसेही पाडले होते. मुलांनी एकमेकांशी बोलायचं नव्हतं, आपल्या गटात नेमकी कोण मुलं आहेत तेही माहीत नव्हतं. फक्त नंबर आणि गट पाहून दुसऱ्यांना गुण वाटायचे होते आणि त्या गुणांचे पैसे मिळणार होते. मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. पुढचा भाग मला जास्त छळतो. आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी चालतील, पण समोरच्यापेक्षा जास्त हवेत, अशी वाटणीही बऱ्याच मुलांनी केली.

हे संशोधन १९७० च्या सुमारास छापून आलं. ते करणारा माणूस पोलंडमध्ये जन्मलेला ज्यू. दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैन्यात असताना जर्मनांनी त्याला पकडलं. तो पोलंडचा आहे हे त्यांना कळलं नाही, फ्रेंच युद्धकैदी म्हणून नोंद झाली आणि तो वाचला. परत आला तेव्हा घरचे बहुतेक सगळे मारले गेले होते. कागदावरच्या एका शब्दावर जगणं-मरणं ठरलेलं त्याने स्वतः भोगलं होतं.

आता सोलापूरकडे येते. सोलापुरात सेटलमेंट नावाची वस्ती आहे. रिक्षावाल्याला 'सेटलमेंट' म्हटलं की तो नेतो, पण हे नाव कुठून आलं हे माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांना माहीत नसतं. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. काही जमातींत जन्मलेलं मूल जन्मतःच गुन्हेगार, असा त्याचा अर्थ. पोलिसांच्या वहीत नाव, ठरल्या वेळी हजेरी, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. अशा लोकांना सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसवलं आणि गिरण्यांत कामाला लावलं. १८७७ मध्ये जुनी मिल निघाली तेव्हापासून हे गिरणगाव वाढत होतं, त्याला हात हवे होते. म्हणजे दिवसभर गिरणीत घाम गाळणारा माणूस संध्याकाळी वहीत गुन्हेगार म्हणूनच हजर व्हायचा. तो काय करतो याच्याशी त्या वहीला काही देणंघेणं नव्हतं.

हॉवर्ड बेकर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये जे लेबलिंगचं सूत्र मांडलं, ते इथल्या लोकांनी त्याच्या कितीतरी आधीपासून सोसलेलं होतं. कृती आपणहून गुन्हा ठरत नाही, कुणीतरी नियम करतो, कुणाला तरी तो लावतो आणि शिक्का बसतो, असं बेकर म्हणतो. इथे तर कृतीचीही वाट पाहिली नाही. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा रद्द झाला, लोक विमुक्त झाले, कुंपण गेलं. पण सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि पोलिसांची नजर तीच राहिली. माझा एक विद्यार्थी नोकरीच्या अर्जावर मावशीच्या घरचा पत्ता लिहायचा. स्वतःच्या घरचा लिहिला की मुलाखतीत पुढचे प्रश्न वेगळे येतात, असं त्याने मला सांगितलं. कायदा जाऊन सत्तर वर्षं झाल्यावरची ही गोष्ट आहे. 'ओळख विसरा, सगळे एकच' असं सांगणाऱ्यांना माझं मनापासून सांगणं आहे, की हा मुलगा विसरायला कधीचा तयार आहे. समोरचा विसरत नाही.

मग नोंदच नको का? इथे मला माझी आई आठवते.

आई विड्या वळायची. सकाळी ब्रँचमधून, म्हणजे विडी कारखान्याच्या केंद्रातून, पान आणि तंबाखू आणायची, पानं भिजवून कातरायची, मांडीवर सूप घेऊन बसायची ती दिवेलागणीपर्यंत. बोटं चालायची, तोंडाने आमचे पाढे घ्यायची. विड्या तेलुगूत मोजायची आणि पैसे मराठीत. खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे मिळायचे नाहीत, त्यावरून ब्रँचमध्ये रोज वाद. पण आई काय करते असं कुणी विचारलं तर आम्ही सांगायचो, घरीच असते. तीही तेच सांगायची. तिच्या कमाईवर आमची फी भरली जात होती आणि तिला स्वतःला ती कामगार वाटत नव्हती.

१९६६ च्या विडी आणि सिगार कामगार कायद्याने घरी बसून काम करणाऱ्यांनाही कामगार मानलं. पण कायद्यातला शब्द बाईच्या अंगी लागायला मोर्चे लागले, युनियन लागली, ओळखपत्रासाठी पुन्हा पुन्हा मारलेल्या चकरा लागल्या. आईचं कार्ड आलं तेव्हा तिने ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवघराखालच्या डब्यात ठेवलं. फोटोखाली तिचं नाव. सोबत वडिलांचं नाव आलेलं, पण धंद्याच्या रकान्यात तिचा स्वतःचा धंदा. नंतर त्याच कार्डावर मला शिष्यवृत्ती मिळाली. २००६ मध्ये सोलापूरजवळ कुंभारीला कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, तीही याच ओळखीच्या जोरावर. आई ब्रँचमध्ये मान वर करून भांडायला लागली ती कार्ड आल्यावर. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

म्हणून वही वाईट आणि कार्ड चांगलं, इतकं सोपं मी मानत नाही. दोन्ही सरकारी कागदच. फरक एवढाच, की एका कागदावर काय लिहायचं हे लिहिणाऱ्याने एकट्याने ठरवलं आणि दुसऱ्यासाठी ज्यांची नोंद व्हायची होती त्या बायका स्वतः रस्त्यावर उतरल्या.

जनगणनेने फक्त मोजणी होते, असंही समजू नये. १९०१ मध्ये आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी जातींची सामाजिक दर्जाप्रमाणे उतरंड लावायला घेतली आणि वरची पायरी मिळावी म्हणून देशभरातून अर्ज गेले, जातीजातींच्या सभा जोरात आल्या. मोजल्यामुळे मोजले जाणारे बदलले. सगळ्या जाती शेवटच्या मोजल्या गेल्या १९३१ मध्ये. त्यानंतर आपण जातीवरून आरक्षणं ठरवली, तिकिटं वाटली, लग्नं मोडली, आणि तेही नेमका आकडा हातात नसताना. मला मोजणी हवी आहे. सेटलमेंटमधल्या मुलाच्या वाट्याला काय आलं आणि काय नाही, हे आकड्याशिवाय सरकारपुढे मांडता येत नाही.

आणि सोलापूरकर ही ओळखही खोटी नाही. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या, म्हणजे गड्ड्याच्या, यात्रेत सात नंदीध्वज निघतात, पांढऱ्या बाराबंदीतले हजारो लोक 'एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र' म्हणतात, तेव्हा अंगावर काटा येतो. गर्दीत सगळ्यांना मिळून चढणाऱ्या या भारावलेपणाला दुर्खिम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने सामूहिक उन्मेष म्हटलं, तो हाच. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो तेव्हा मी पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजाची, असते, गड्ड्याच्या गर्दीत मी सोलापूरची असते, वर्गात मराठीतून शिकवणारी बाई असते. यातलं एक खरं ठरवण्यासाठी दुसरं पुसावं लागतं, असं मला कधीच वाटलं नाही.

प्रगणक म्हणून बहुतेक ठिकाणी आमच्यासारखे शिक्षकच फिरणार आहेत. त्यांना माझी विनंती आहे. पूर्व भागात गेलात म्हणून मातृभाषा तेलुगू, नई जिंदगी या वस्तीत गेलात म्हणून उर्दू, असं दारातूनच भरू नका. मातृभाषेशिवाय येणाऱ्या आणखी भाषांसाठी जागा असते, तीही विचारा, कारण इथे तीन भाषा बोलणारं घर शोधावं लागत नाही. सेटलमेंटमध्ये गेलात तर आवाज पोलिसाचा नको. आणि घरातल्या बाईला तिचा धंदा तिलाच विचारा. नवरा 'घरीच असते' म्हणाला तरी तिच्या मांडीवरच्या सुपाकडे बघा, आणि ती काय सांगते ते लिहा.