गडगा काळवंडला, पण दोष ठिपक्यांचा नाही

नमस्कार ताई,

तुम्ही लिहिलंय की शाईच्या ठिपक्यांनी पोत दाखवण्यावरच्या लेखात दिल्याप्रमाणे ०.२५ मिमीच्या पेनाने जांभ्याचा गडगा (भोकाभोकांच्या तांबड्या दगडाची कुंपणाची भिंत) काढला, सावलीची बाजू निम्मी करडी हवी होती ती जवळपास काळी झाली, आणि चिरे डांबर फासल्यासारखे दिसतात. इथवर मान्य. पण ‘पोत दाखवायला ठिपके कुचकामी, रेघाच माराव्यात’ हा तुमचा निष्कर्ष मला अजिबात पटत नाही.

तुम्ही पाठवलेला फोटो मोठा करून पाहा. ठिपक्यांच्या कडा केसाळ आहेत, म्हणजे शाई फुटली आहे. लेखातले आकडे कोरड्या कागदाचे आहेत आणि तुम्ही ऐन जुलैत, मालवणात काम केलंत. कागद सादळला होता.

आता हिशेब बघा. ०.२५ मिमीचा ठिपका सुमारे ०.०५ चौरस मिमी जागा झाकतो. एका चौरस सेंटिमीटरात १० टक्के करडेपणासाठी साधारण २०० ठिपके पुरतात. ५० टक्क्यांसाठी मात्र १,००० नव्हे, १,४०० च्या आसपास लागतात, कारण बरेच ठिपके एकमेकांवर पडतात. शाई फुटून ठिपका ०.३५ मिमीचा झाला की त्याचं क्षेत्रफळ जवळपास दुप्पट होतं, आणि तेच १,४०० ठिपके ७५ टक्के कागद झाकतात. तुमचा गडगा नेमका इथे काळवंडला.

म्हणून पावसाळ्यात कागद झिपच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा आणि लागेल तेवढाच बाहेर काढा. त्याच कागदाच्या पट्टीवर आधी ठिपके मारून भिंगाने कडा तपासा. तरीही फुटत असेल तर ०.२० चा पेन घ्या. खरखरीत जलरंगाचा कागद नको, गुळगुळीत घ्या.

रेघांना दिशा असते. लाकडाला त्या शोभतात, जांभ्याला अशी दिशा नसते. त्याचं भोकही नुसता काळा गोल नव्हे. उजेड वरून येतो, त्यामुळे वरच्या ओठाखाली, म्हणजे भोकाच्या वरच्या काठाखाली, सावली दाट आणि कड धारदार. तिथून खाली ठिपके विरळ करत न्यायचे, आणि खालचा ओठ कोरा सोडायचा. तुमच्या चित्रात हे ओठच बुजलेत. ते आधी पेन्सिलीने पुसट आखून घ्या. भोकं लहानमोठी, काही एकमेकांत मिसळलेली हवीत. ठिपके रांगेत पडले की डोळा लगेच रेघ जोडतो.

डाव्या कोपऱ्यातल्या ठिपक्यांना शेपट्या आल्यात. पेन उभा धरा, आणि पूर्ण उचलल्याशिवाय हात सरकवू नका.

फ्रेंच चित्रकार जॉर्ज सरा याच्या ठिपक्यांच्या उजळ चित्रांशी तुलना इथे लागू होत नाही. तो रंगांचे ठिपके शेजारी ठेवून काम करायचा; आपल्याकडे काळी शाई आणि कोरा कागद एवढंच आहे.

हे चित्र टाकू नका. शाई पूर्ण वाळल्यावर फक्त खालच्या ओठांवर पांढऱ्या जेल पेनाने मोजके ठिपके द्या. सगळ्या सावलीवर दिलेत तर ती मळकट दिसेल.