अपकारांचा हिशेब न ठेवणारी प्रीती

ख्रिस्ती विवाहविधीत बायबलमधील करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा प्रीतीविषयीचा १३ वा अध्याय इतक्या वेळा वाचला जातो की, तो नवदांपत्यासाठीच लिहिला गेला असावा, असे ऐकणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात प्रेषित पौलाने तो एका भांडणाऱ्या मंडळीला, म्हणजे विश्वासणाऱ्यांच्या समुदायाला, लिहिला. करिंथ येथील विश्वासणारे ‘मी पौलाचा’, ‘मी अपुल्लोसाचा’ म्हणत आपापल्या शिक्षकाच्या नावाने गटांत विभागले होते, एकमेकांना न्यायालयात खेचत होते आणि येशूच्या स्मरणार्थ एकत्र घ्यायच्या प्रभुभोजनालाही काही जण पिऊन मस्त होत असताना काही उपाशी राहत होते. अशा माणसांना प्रीतीविषयी सांगितले जात आहे, हे ध्यानात घेतले की त्या ओळींतला गोडवा कमी होतो आणि त्यांचे वजन वाढते.

या अध्यायाच्या ४ ते ७ या वचनांत प्रीतीचे वर्णन करताना मूळ ग्रीकमध्ये १५ क्रियापदे आली आहेत. मराठीत ‘सहनशील’, ‘परोपकारी’ अशी विशेषणे आल्यामुळे प्रीती हा एखाद्याच्या स्वभावाचा गुण वाटतो. मुळात ती करण्याची गोष्ट आहे. इथला ग्रीक शब्द ‘अगापे’. स्त्रीपुरुषांच्या ओढीसाठी ग्रीकांकडे ‘एरोस’ हा शब्द होता, पण तो बायबलच्या नव्या करारात एकदाही येत नाही. म्हणून ती ओढ हीन ठरत नाही, कारण गीतरत्न हे प्रेमगीतांचे पुस्तकही पवित्र शास्त्रातच आहे. पण ओढीची आज्ञा करता येत नाही. येशू मात्र वैऱ्यांवर प्रीती करण्याची आज्ञाच देतो, म्हणजे त्याला अभिप्रेत असलेली प्रीती मनाच्या उमाळ्याची वाट पाहत थांबू शकत नाही.

त्या १५ क्रियापदांपैकी एकापाशी मी कित्येक वर्षे अडून होते. ‘अपकार स्मरत नाही’ असे आपण वाचतो, पण मूळ शब्द जमाखर्च मांडण्यासाठीही वापरला जाणारा आहे: प्रीती वाइटाची खात्यावर नोंद करत नाही. वडील गेले त्या वर्षी आत्या माझ्या आईला जे बोलली, ते मला शब्दन् शब्द पाठ होते आणि ती नोंद मी जपूनही ठेवली होती.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. याच वचनाचा आधार घेऊन मार खाणाऱ्या स्त्रीला ‘सहन कर, विसरून जा’ असे सांगितले जाते, आणि ते मला शास्त्राचा विपर्यास वाटतो. पुढच्याच वचनात प्रीती अनीतीत आनंद मानत नाही, सत्यात आनंद मानते, असे म्हटले आहे. जो अन्याय अजून चालू आहे, तो थांबवणे हेही प्रीतीचेच काम आहे. नोंद पुसायची ती सूडाची, सत्याची नव्हे.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या १३ व्या अध्यायात येशू कमरेला रुमाल बांधून, गंगाळात पाणी ओतून शिष्यांचे पाय धुतो. त्याला शत्रूंच्या हाती धरून देणारा शिष्य यहूदा त्यानंतर उठून बाहेर जातो. म्हणजे त्याचेही पाय धुतले गेले, आणि धुणाऱ्याला पुढे काय होणार आहे हे ठाऊक होते. वधस्तंभाआधी प्रीतीचा अर्थ मला इतका जवळून दुसरीकडे कुठे दिसत नाही.

आत्या अंथरुणाला खिळली तेव्हा तिच्या पायांची नखे जाड आणि पिवळी होऊन बोटांत रुतली होती. कोमट पाण्यात पाय अर्धा तास भिजवल्याशिवाय नेलकटर चालत नसे. पहिल्या दिवशी माझ्या मनात माया नव्हती, फक्त तिची टाच माझ्या तळहातावर होती, आणि दुखले की ती पाय मागे ओढून घेत असे. आईला बोललेल्या त्या शब्दांचा उल्लेख तिने कधी केला नाही, मीही केला नाही. माया पुढे आली, पण कोणत्या दिवशी आली ते मला सांगता येणार नाही. नखे दर काही आठवड्यांनी वाढत आणि मी पुन्हा पाणी गरम करायला ठेवत असे.