तलंग की कोंबडा?

आषाढात बसवलेल्या कोंबडीखालून एकवीस दिवसांनी पिल्ले बाहेर पडली, की आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या घरी पहिला प्रश्न येतो तो 'तलंगा किती आणि कोंबडे किती?' हा. प्रश्न रास्त आहे, कारण तलंग पुढे अंडी देणार आणि कोंबडा दिवाळीनंतरच्या मंडईला, म्हणजे गावच्या जत्रेला, पाहुण्यांच्या ताटात जाणार. अडचण एवढीच, की त्या वयात सगळी पिल्ले सारखीच दिसतात आणि हे कबूल करायला घरात कोणीही तयार नसते.

मामाजी, म्हणजे माझे सासरे, पिल्लू पायांनी उलटे धरतात. त्याने मान वर उचलली तर कोंबडा, नुसतेच लोंबकळले तर तलंग. सासूबाईंचा विश्वास दोऱ्याला बांधलेल्या सुईवर आहे. ती गोल फिरली की तलंग, सरळ झुलली की कोंबडा. जाऊबाई तर टोकदार अंड्यातून कोंबडाच निघतो म्हणून गोलसर अंडी निवडूनच कोंबडी बसवतात. डोळे मिटून सांगितले तरी निम्मी उत्तरे बरोबर येणारच, त्यामुळे आपले शास्त्र खरे ठरल्याचे दाखले प्रत्येकाजवळ भरपूर आहेत.

पशुवैद्यक शिकणाऱ्या पुतण्याने या सर्वांना अडाणी ठरवले. मासुई आणि हाशिमोतो या जपानी शास्त्रज्ञांनी 1920 च्या दशकात शोधल्याप्रमाणे एक दिवसाच्या पिल्लाचे गुदद्वार तपासले असता आत टाचणीच्या डोक्याएवढा उंचवटा दिसतो, त्यावरून नर ओळखता येतो, असे त्याने सांगितले. तपासण्यापूर्वी पोट हलके दाबून विष्ठा काढावी लागते, हे मात्र त्याने सांगितले नव्हते. ते पिल्लानेच त्याच्या नव्या सदऱ्यावर सांगितले. शिवाय या कामाला दीर्घ प्रशिक्षण लागते आणि आडदांड बोटांनी पिल्लू मरू शकते, म्हणून मी ते त्याच्या हातून काढून घेतले. मग तो पंखांकडे वळला. मादीच्या पंखांची मुख्य पिसे वरच्या आच्छादक पिसांपेक्षा लांब असतात, ही खूण खरी आहे. पण ती मुद्दाम तसा संकर केलेल्या जातींतच चालते. आमच्या गावठी कोंबड्यांचे बाप कोण, हे त्यांच्या आयांनाही सांगता यायचे नाही.

खात्रीची पिल्ले तेवढी सायकलवाल्याकडची, गुलाबी आणि हिरव्या रंगात बुडवलेली. अंड्यांच्या जातींचे नर उबवणी केंद्राला नको असतात, म्हणून ते वेगळे काढून स्वस्तात विकले जातात. त्यामुळे त्या टोपलीत बहुतेक कोंबडेच. सासूबाईंची सुई तिथेही निम्म्यांना तलंग ठरवते.

खरे तर दीडदोन महिने धीर धरला, तर नराचा तुरा मोठा आणि लालसर होऊ लागतो, आणि पुढे मानेवर व पाठीच्या मागच्या भागावर टोकदार, चकाकणारी पिसे येतात. पण आमच्या घरी तोवर मंडई जवळ आलेली असते आणि परीक्षा वेगळ्याच दिशेने चालू होतात. जावई येणार म्हटल्यावर मामाजींना डालग्यातला प्रत्येक पक्षी कोंबडा दिसू लागतो. अंड्यांच्या पैशांवर नजर असलेल्या सासूबाईंना प्रत्येक पक्षी तलंग. यंदा त्यातल्याच एका वादग्रस्त पक्ष्याने जावयांच्या येण्याच्या पहाटे अंगणात मान ताणून, घोगऱ्या आवाजात, अर्धवट का होईना, पण स्पष्ट बांग दिली. मामाजींनी विजयी मुद्रेने सासूबाईंकडे पाहिले.

"सर्दी झाली असन तिले," सासूबाई म्हणाल्या.